धुराड्याची उजवी बाजू

"उजवीकडचं सोडा, मालक. डावीकडचं सांगाल तेवढं फोडून देतो."

थर्टलबाबाचं डोकं धुराड्यात होतं, त्यामुळे आवाज छपरावरून आल्यासारखा वाटला. आमची चूल म्हणजे भिंतीत काढलेली छोटी खोलीच. आत माणूस उभा राहतो आणि वर बघितलं की चौकोनी आभाळ दिसतं. ती त्यानंच बांधलेली, मी पाचेक वर्षांची असताना.

"नव्या चुलीची नळी उजवीकडूनच जाणार," बा म्हणाला. "लाँसेस्टनच्या माणसानं तसंच सांगितलंय. ती चूल बघ ना. तोंडच उजवीकडे आहे तिचं."

ती लोखंडी चूल लाँसेस्टन शहरातून आणून सकाळीच बैलगाडीवरून अंगणात उतरवली होती. काळी, चकचकीत, वाकड्या पायांची. अख्ख्या खोऱ्यात असली दुसरी नव्हती. ती येणार म्हणून बानं ठेवणीतले बूट घातले होते. ते बूट तो फक्त चर्चला जाताना आणि साहेबासमोर उभं राहायचं असेल तेव्हा घालतो. घातल्यावर पुसतो, काढल्यावर पुन्हा पुसतो. इंग्लंडचे कैदी आणून टाकतात त्या या बेटावर तो उतरला तेव्हा अनवाणी होता, पायात फक्त बेडी. हे तो कधी सांगत नाही, पण बूट पुसताना त्याच्याकडे बघितलं की कळतं.

"मग चूल परत पाठवा," थर्टलबाबा म्हणाला.

मी फिसकन हसले. बानं माझ्याकडे असं बघितलं की मी विटा रचायला लागले.

"काय म्हणालास?"

"नाही, चूल छानच आहे, मालक. देव तुमचं भलं करो, फार छान आहे. पण जुनी काय वाईट आहे? धूर मारते का? एकदा तरी मारला?"

नाही मारला. पश्चिमेचा वारा सुटला की सगळ्या खोऱ्यात माणसं डोळे पुसत जेवतात. आमच्या शेजारी क्लटरबक बाईंची खानावळ आहे. त्या स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतात, माझ्याकडे रडत खायचं, हसत खायचं असेल तर प्रुएटकडे, म्हणजे आमच्याकडे, जा.

"धुराचं नको सांगूस," बा म्हणाला. "उजवी बाजू का नाही फोडायची? कारण सांग."

थर्टलबाबा वाकून बाहेर आला. पांढऱ्या केसांवर काजळी पडली होती. त्यानं थापी चुलीच्या कडेला ठेवली आणि हात विजारीला पुसले.

"थर्टल, मी विचारतोय. उत्तर दे."

परसातून आई येत होती, हातात बटाट्यांची टोपली. ते शब्द ऐकले आणि ती दारातच थांबली. कारण याच चुलीसमोर, याच दोघांमधे, हेच शब्द पूर्वी एकदा झाले होते.

ती गोष्ट मला अर्धी आठवते आणि अर्धी ऐकलेली आहे. गावातल्या प्रत्येकानं मला ती सांगितली आहे, बहुतेक हसत.

थर्टलबाबा मूळचा इंग्लंडातल्या नॉरफकचा. तिकडे एका जत्रेला जाताना पाद्र्याच्या खिडकीत वाळत ठेवलेले बूट त्यानं उचलले. मी त्याला एकदा विचारलं, घरची माणसं उपाशी होती का? तो म्हणाला, "उपाशी तर होतीच. पण त्याचा बुटांशी काय संबंध? बूट चांगले होते. माझ्या मापाचे होते." त्या बुटांपायी त्याला सात वर्षं काळं पाणी झालं. बायको तिकडेच राहिली. तिला लिहिता येत नव्हतं, याला वाचता येत नव्हतं. ती आहे की गेली हे त्याला आजही ठाऊक नाही.

एवढं होऊन हा माणूस आभार मानतो. "जहाजावर खारं मांस मिळायचं, पोरी. गावी मांस म्हणजे दुसऱ्याच्या दारातून येणारा वास." असं म्हणून तो खरोखर टोपी काढायचा. मला याचा भयंकर राग यायचा. तुला गुरासारखं जहाजात कोंबून इथं आणून टाकलं, त्यांचे कसले आभार मानतोस? तर म्हणायचा, "त्यांचे नाही गं. मांसाचे."

बासुद्धा तसाच आलेला. तो लंडनचा, रेशमाचा तागा उचलून पळताना सापडलेला. शिक्षा भोगून सुटला, नदीकाठी जमीन घेतली, आईशी लग्न केलं. मग सरकारनं त्याच्या शेतावर राबायला एक कैदी धाडला. तो थर्टलबाबा.

तेव्हा आमच्या घरात नीट धुराडंही नव्हतं, नुसती मातीची नळी. माझ्याआधीची दोघं भावंडं त्याच घरात गेली, एबल आणि ज्यूडिथ. मेंढवाड्यामागं पिवळ्या फुलांचं झाड आहे, त्याच्याखाली आहेत दोघं. त्यांचे खड्डे थर्टलबाबानंच खणले. मी जगले, पण कशी, तर हिवाळा आला की खोकत आणि उन्हाळा आला की फणफणत. आई म्हणते, मला कुशीत घेऊन झोपायची तिला भीती वाटायची, सकाळी काय हाताला लागेल म्हणून.

थर्टलबाबाचा परवाना त्याच सुमाराला यायचा होता. परवाना मिळाला की कैदी स्वतःपुरता कामधंदा करू शकतो, स्वतःच्या झोपडीत राहू शकतो, पळून नाही गेला म्हणजे झालं. तो गवंडी होता. परवाना मिळाल्या मिळाल्या त्याला पाच ठिकाणची कामं ठरलेली होती. जायच्या आधी त्यानं बाला विचारलं, तुम्हाला विटांचं धुराडं बांधून देऊ का? कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून विचारलं. विटा त्यानं पाडल्या, त्यानंच भाजल्या.

ज्या आठवड्यात धुराडं पुरं झालं त्याच आठवड्यात मला मोठा ताप आला आणि माझा एक बूट नाहीसा झाला.

लहान पोरीच्या पायात बूट ही त्या काळी गावात मोठी गोष्ट होती. बानं हट्टानं करून घेतले होते. त्याच्या पोरीनं अनवाणी फिरायचं नाही, बस. आणि माझी विचारपूस करायला आलेल्या क्लटरबक बाईंनी थर्टलबाबाला बूट सदऱ्यात लपवताना पाहिलं.

बानं विचारलं, "घेतलास?"

थर्टलबाबा म्हणाला, "घेतला."

"कुठाय?"

गप्प.

"उत्तर दे."

गप्प. बा म्हणतो, तो रडला असता, खोटं बोलला असता, दारूत गेला म्हणाला असता, तरी मी सोडून दिलं असतं. पण तो चुलीकडे पाठ करून उभा राहिला, आणि बाच्या डोक्यात तिडीक गेली. ती तिडीक कशी असते ते मला चांगलं ठाऊक आहे, मला त्याच्याकडूनच मिळाली आहे. शिवाय भीतीही होती. सुटलेल्या कैद्याच्या घरात चोरी झाली आणि त्यानं ती दाबली, असं कुणी म्हणालं असतं तर पहिलं बोट बाच्याकडेच वळलं असतं. आणि क्लटरबक बाईंना कळलेली गोष्ट दाबायची म्हणजे वाऱ्याला दार लावायचं.

बानं त्याला न्यायनिवाडा करणाऱ्या सरकारी साहेबासमोर उभं केलं. तिथंही तो गप्प. साहेब म्हणे हसून म्हणाला, दोन बुटांची सात वर्षं, मग एका बुटाचा हिशेब कसा करायचा? सगळे हसले. परवाना गेला. वर्षभर रस्ते बांधणाऱ्या कैद्यांच्या टोळीत, पायात बेड्या घालून दगड फोडायचे.

त्याला घेऊन जाणारी गाडी आमच्या घरावरून गेली. आई धावत बाहेर गेली, शिपायासमोर तिनं आपला लोकरीचा परकर टराटरा फाडला आणि त्याच्या पट्ट्या थर्टलबाबाच्या घोट्यांना, बेडीच्या आत, गुंडाळल्या. बा दारात उभा होता. थांब म्हणाला नाही, कर म्हणाला नाही.

आणि माझा ताप उतरला. गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठून बसले आणि पाव मागितला, असं आई सांगते.

शिक्षा भोगून तो सुटला तेव्हा कुठंही जाऊ शकला असता. पण नदीपलीकडे, आमच्या समोरच, त्यानं झोपडी घातली. डावा घोटा कायमचा सुजलेला, म्हणून बुटाचा वरचा भाग कापून घालायचा. चालताना एक पाय फटक वाजायचा आणि दुसरा घासायचा. गावानं त्याचं नाव ठेवलं एकबूट. एका बुटाचं करायचं काय, लंगड्याला विकणार होतास काय रे, असं लोक त्याला खानावळीत विचारायचे आणि तो त्यांच्याबरोबर हसायचा. दरवर्षी जमिनीतून निघालेले पहिले बटाटे तो आईला आणून द्यायचा. "बाईंनी माझे घोटे राखले," म्हणायचा. आई म्हणायची, अरे, जुना परकर होता तो. तो म्हणायचा, घोटेही जुनेच होते, बाई.

ओळंबा कसा धरायचा, चुन्यात शेण किती घालायचं, ओली वीट आणि सुकी वीट वाजवून कशी ओळखायची, हे सगळं मी त्याच्याकडून शिकले. शाळेत काही शिकले नाही. शाळेतल्या बाईंनी एकदा चोरीवर धडा घेताना उदाहरण म्हणून त्याचं नाव घेतलं. सगळी पोरं माझ्याकडे बघून हसली. मी पाटी फेकली आणि घरी आले. परत गेले नाही. बूट त्यानं चोरला हे मलाही ठाऊक होतं. पण बूट माझा होता, मी माफ करून टाकला होता. त्यांना काय करायचंय?

तर त्या दिवशी पुन्हा, "उत्तर दे."

"सायलस, जाऊ दे ना," आई म्हणाली.

"का जाऊ दे? माझं घर आहे. माझ्या घरातल्या भिंतीचं मला कारण कळायला नको?"

"तुमचंच घर आहे, मालक," थर्टलबाबा म्हणाला. "फोडायचं तर दुसरा गवंडी बघा. मी हात नाही लावणार." आणि तो उंबऱ्यावर जाऊन बसला आणि घोटा चोळायला लागला.

बा चुलीसमोर कमरेवर हात ठेवून उभा. हा उंबऱ्यावर बसलेला. आई टोपली धरून मधे.  मला तिघांचाही राग आला. एवढी वर्षं हे असंच चाललंय, एक विचारतो, एक गप्प बसतो, एक टोपली धरते. मी पहार उचलली.

"सरका," म्हटलं. "मी फोडते."

आणि घातलीच.

"केझाया!"

थर्टलबाबाच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. तो मला पोरी म्हणायचा, नेहमी. सुजल्या पायानं इतक्या झटकन उठलेलाही मी त्याला कधी बघितला नव्हता. "नको गं! तू नको! कुणीही फोडा, ती नको, मालक, तिला थांबवा!"

पण वीट निघाली होती. मागे पोकळी होती. पावाचा गोळा बसेल एवढा कोनाडा, आतून चुना आणि शेणानं मडक्यासारखा गुळगुळीत लिंपलेला. काजळीचा कण नव्हता आत. आणि आत माझा बूट.

एवढासा. तपकिरी. टाचेला झिजलेला, पुढून वर वळलेला. नाडीला दोन गाठी. मी लहानपणी लाथा मारून बूट उडवायचे म्हणून आई दोन गाठी मारायची. त्या तशाच होत्या.

आईनं टोपली खाली ठेवली. ती आतल्या खोलीत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरा बूट होता. इतकी वर्षं तिनं तो ठेवला होता. मला माहीतच नव्हतं. तिनं माझ्या हातातला घेतला आणि जोड जुळवून टेबलावर ठेवला.

"टेबलावर नको, बाई! टेबलावर नको!" थर्टलबाबानं झडप घालून दोन्ही बूट उचलले आणि छातीशी धरले. "बूट टेबलावर ठेवत नाहीत. मरण येतं. हेही ठाऊक नाही का तुम्हाला?"

बा हळूच बाकावर बसला.

"इथं होता?"

"इथंच, मालक."

"घराबाहेर गेलाच नाही?"

"बाहेर कशाला जाईल? घरासाठीच होता."

मग तो सांगायला लागला. आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हता. त्या बुटांना सांगितल्यासारखं सांगत होता.

"आमच्याकडे धुराडं बांधलं की घरातल्या कुणाच्या तरी पायातला बूट आत ठेवतात. घराला दार असतं, खिडकी असते, त्यांना कडी घालता येते. धुराड्याला कडी नसते. वाईट जे काही असतं ना, दुखणं म्हणा, नजर म्हणा, ते तिथून उतरतं. उतरताना त्याला बूट दिसतो. बुटाला माणसाचा आकार असतो, माणसाचा वास असतो. त्याला वाटतं सापडलं माणूस, आणि ते बुटात शिरतं. मग मागं फिरता येत नाही त्याला. तिथंच राहतं." त्यानं एक बूट बोटानं पुसला. "पण सांगायचं नसतं. सांगितलं की गेलं. आमच्या गावात धुराडं बांधताना घरातला बूट हरवला तर कुणी विचारत नाही हो, मालक. घरातली बाई गालात हसते आणि गवंड्याला बिअरचा एक पेला जास्त देते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"मी लंडनचा," बा म्हणाला. "आम्ही कुठं धुराडी बांधली? दुसऱ्याच्या धुराड्याला पाठ लावून रस्त्यावर झोपायचो, ऊब लागते म्हणून."

"मला काय माहीत? मला वाटलं, इंग्लंड म्हणजे इंग्लंड."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

"साहेबासमोर तरी सांगायचंस, थर्टल."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

बानं विचार केला. तो खोटं बोलला नाही. "घरी येऊन फोडून बघितलं असतं."

"तेच. आणि पोरगी आत तापानं जळत होती."

"मला सांगायचंस!" मी ओरडले. मला ओरडायचं नव्हतं, पण आवाज तसाच निघाला. "नंतर तरी! मी मोठी झाले, रोज तुझ्याबरोबर चुना कालवला, मला एकदा तरी सांगायचंस!"

"तुलाच तर सांगायचं नव्हतं, पोरी." मग म्हणाला, "माझ्या घरात नव्हता ठेवला मी. नॉरफकला. घर जमीनदाराचं, धुराडं जमीनदाराचं. म्हटलं, परक्याच्या भिंतीत आपल्या पोरीचा बूट कशाला अडकवा. एकच तर जोड होता तिचा. बूट राहिला, ती गेली."

त्याला मुलगी होती हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मी जगले ती त्या बुटामुळे, की आईच्या काढ्यामुळे, की नुसतीच जगले, मला सांगता येणार नाही. थर्टलबाबाला विचारलं तर तो बूट म्हणेल, आई देव म्हणेल. मला एवढंच समजतं, की एका माणसानं हातातोंडाशी आलेली सुटका सोडली, वर्षभर बेडीत दगड फोडले, नंतर इतकी वर्षं लोकांचं हसणं ऐकलं, आणि एक वाक्य बोलला असता तर यातलं काहीच झालं नसतं. ते वाक्य त्यानं माझ्यासाठी गिळलं. आणि वर बटाटे आणून दिले, आईचे उपकार म्हणून. तो मांसासाठी टोपी काढायचा तेव्हा मी चिडायचे. आता मला कळेना, त्याच्यापुढे मी काय काढावं.

"बंद करायला हवं," थर्टलबाबा एकदम उठला. "चूल पेटायच्या आत. वेळ लावू नका. पण हा चालणार नाही आता, उघडा पडला. दुसरा लागेल. घरातल्याच माणसाचा, घातलेला."

मी खाली बसले आणि नाडी सोडायला लागले.

"तुझा नको. तुझा एकदा झाला."

"मग माझा घे," आई म्हणाली.

 बा बाकावर वाकला आणि त्यानं उजव्या पायाच्या बुटाची नाडी सोडायला सुरुवात केली. त्याची बोटं जाड आहेत, वेळ लागला. मी मदतीला गेले तर त्यानं हात झटकला.

"सायलस, ते लाँसेस्टनचे आहेत," आई हळू आवाजात म्हणाली. "मागच्या दारात जुने पडलेत की."

"जुन्यात कोण शिरेल?" बा म्हणाला.

त्यानं बूट काढला, सवयीनं बाहीनं पुसला आणि दोन्ही हातांनी थर्टलबाबापुढे धरला. थर्टलबाबा बघतच राहिला. मग त्यानं विजारीला हात पुन्हा एकदा पुसले आणि घेतला.

"मालक, हा परत मिळायचा नाही."

"नकोच मिळू दे."

"आणि बाहेर कुणाला—"

"कळलं मला," बा म्हणाला. "सांगायचं नाही."

दुसरा कोनाडा त्यानं कुठं काढला ते मी सांगणार नाही. उजवीकडे नाही, एवढंच. ती लोखंडी चूल अजून अंगणातच आहे. आमची एक कोंबडी तिच्यात अंडी घालते आणि लाँसेस्टनच्या माणसाला हे कुणी कळवलेलं नाही.

थर्टलबाबानं थापी घेतली, मी विटा द्यायला उभी राहिले. चुन्याचा गारा बाहेर अंगणात कालवून ठेवला होता. मी बादली उचलली तर बानं ती माझ्या हातातून घेतली.

"तू विटा दे त्यांना," म्हणाला. त्यांना. मी नीट ऐकलं.

आणि तो तसाच बाहेर गेला. एका पायात चकचकीत बूट आणि दुसऱ्या पायात मोजा, त्यातून अंगठा बाहेर आलेला.

बाहेर कुंपणापाशी क्लटरबक बाई उभ्या होत्या. नवी चूल बघायला आल्या होत्या आणि खानावळीतली तीनचार गिऱ्हाइकंही बरोबर आणली होती. मला खिडकीतून सगळं दिसत होतं.

"अहो प्रुएट! हे काय, एक पाय उघडा?" बाई ओरडल्या. "एकबूट आत आहे वाटतं? या वेळेला मापाचा घावला का मेल्याला?"

गिऱ्हाइकं खो खो हसली. बाची मान मागून लाल झाली. ती मान मी ओळखते. मला वाटलं आता बादली फेकतो. मीच पहारीकडे बघायला लागले होते.

बानं बादली जमिनीवर ठेवली.

"कुणी चोरला नाही," तो म्हणाला. "मिस्टर थर्टलना दिलाय मी."

आमच्या खोऱ्यात बेडी घालून आलेल्या माणसाला मिस्टर म्हणत नाहीत. बालाही कुणी म्हणत नाही. हसणं थांबलं.

"दिलाय?" क्लटरबक बाई म्हणाल्या. "एक बूट? कशाला?"

बा गाऱ्यात फावडं घालत होता.

"अहो, कशाला दिला? एका बुटाचं तो करणार काय? आँ? प्रुएट, विचारतेय मी. उत्तर तर द्या!"

बा गप्प. त्यानं बादली भरली, फावडं टेकवून ठेवलं आणि वळला. बाई विचारत राहिल्या, कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी पुन्हा हसलं. तो हळूहळू चालत आला, कारण अंगणात खडे आहेत आणि त्याच्या पायाला त्यांची सवय राहिलेली नाही. ओल्या मातीत त्याच्यामागं खुणा उमटत होत्या, एक बुटाची, एक पायाची.

आत थापीचा आवाज केव्हाच थांबला होता. थर्टलबाबा भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे वर धरून. बानं बादली त्याच्याजवळ ठेवली.

"पुरे का एवढा?"

थर्टलबाबानं थापीच्या टोकानं गारा उचलून बघितला. तो ओघळला.

"पातळ झालाय," तो म्हणाला.

बानं बादली उचलली आणि पुन्हा बाहेर गेला, तसाच, एका बुटात, सगळ्यांच्या समोरून.